मूळ रेखाटनं

गुप्तेबाईंचं ऑफिस कोर्ट नाक्यावर, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सची तीन दुकानं.
त्यांनी माझा लॅपटॉप आपल्याकडे वळवला
आणि दोन्ही 'ठ' शेजारी शेजारी मोठे केले.
एक माझा. एक ऐरोलीच्या कंपनीचा.
दोघांच्याही गोलाला वर, उजवीकडे, तीच फट.
"चोरी उघड आहे," बाई म्हणाल्या. "फट तरी बुजवायची."
मी हसलो. जरा उशिरा.

फॉन्टचं नाव मी ठेवलं होतं तलावपाळी.
त्यांनी केलं लेकसाइड देवनागरी,
काना केसभर जाड केला,
आणि आता घोडबंदर रोडभर एक बिल्डर
माझ्या अक्षरांत घरं विकतोय.
माझ्या, असं नोटिशीत चारदा आलंय.

"मूळ रेखाटनं लागतील. कागदावरची, तारखेसकट.
अक्षर कुणाचं नसतं हो,
पण पहिल्यांदा कुणी काढलं, त्याचा कागद असतो."

कागद नव्हता.
मोबाइलमध्ये दोनशे अकरा फोटो होते.
पाठारे दवाखाना, नौपाडा.
ठोंबरे भांडी भांडार, जांभळी नाका, 'ठों'वर कबुतराची शीट.
खारटन रोडचं सलून, ज्याचं नाव
शटर खाली ओढल्यावरच दिसायचं,
म्हणून रात्री अकराला गेलो होतो.
पिठाची गिरणी, कळवा. तिथला 'ळ' मिळाला
आणि पुढच्या महिन्यात गिरणी पाडली.
प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं:
नाखवा, चेंदणी.
ते मी क्रॉप केलं होतं.
तेव्हा वाटलं, फ्रेम स्वच्छ दिसते.

कोळीवाड्यात नाखवा मास्तर दारातच बसले होते,
चष्म्याच्या काडीला दोरा.
फ्लेक्स आल्यापासून ब्रश बंद;
जावयाच्या होडीवर नंबर रंगवतात, तेवढंच.
मी सगळं सांगितलं.
सगळं नाही. कंपनीचं सांगितलं.
फॉन्ट म्हणजे काय, ते कळावं म्हणून
त्यांचंच नाव टाइप करून दाखवलं.
त्यांनी बोटाने 'ख' चाचपला,
अक्षर एकदम मोठं झालं, दचकले.
"हा माझा हात आहे," म्हणाले.
रागाने नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोत
मागच्या रांगेतला आपण सापडावा, तसं.
मग विचारलं, "किती मिळाले?"
कंपनीला?
"तुला."

चहा आला. मी आकडा सांगितला,
थोडा कमी करून.

रेखाटनं नव्हतीच. थेट पत्र्यावर काढायचे,
आधी खडूची एक रेघ, बस्स.
मी फटीचं विचारलं, शैलीचा पुरावा म्हणून.
"शैली कसली! ठोंबऱ्यांची पाटी. शिडी आखूड होती.
वरचा कोपरा हाताला येईना. म्हटलं, उद्या मिटवू.
उद्या ठोंबरे म्हणाले, राहू दे, गिऱ्हाईक थांबून बघतं.
मग जो तो म्हणायला लागला, तसाच काढा."
शिडी कुणाची होती?
"भिवा इलेक्ट्रिकवाल्याची. गेला तो."

प्रतिज्ञापत्र आज तयार आहे.
मी, खाली सही करणार, मूळ निर्माता,
हे पहिल्याच ओळीत.
मास्तरांचं नाव कुठे घालायचं, मी बाईंना विचारलं.
"केस कमजोर करायची असेल, तर कुठेही,"
त्या म्हणाल्या, आणि पेन पुढे केलं.

सगळं टाइप केलेलं. फक्त तळाशी
ठिकाण, आणि पुढे कोरी जागा.
मी 'ठ' काढायला घेतला.
गोल डावीकडून खाली गेला,
उजवीकडून वर यायला लागला

"ठाणे लिहायचंय," बाई म्हणाल्या, "एवढा कसला विचार?
आणि तारीख घाला."